साक्षीदाराची सही

पिरंगुटावरून उरवडं मागं टाकून घाट उतरला की मुठा खोरं लागतं. जुन्या बारा मावळांतलं मुठे खोरं ते हेच. नदीचं नाव मुठा, गावाचं नाव मुठा. आमचं पीक भाताचं. पूर्वी आंबेमोहोर असायचा, आता जास्त करून इंद्रायणी. वरच्या अंगाला टेमघरचं धरण झालं, त्याच्या पलीकडच्या डोंगरात लवासा झालं, आणि शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या आमच्या बांधावरून धूळ उडवत जायला लागल्या.

मुळशीतल्या जमिनी कशा गेल्या असं कुणी विचारलं तर लोक दोन वाटा सांगतात. काही धरणात गेल्या, काही बंगलेवाल्यांना विकल्या. दोन्ही खरं आहे. पण काही जमिनी आणि काही घरं तिसऱ्याच वाटेनं गेली. मालकाला विकायची नव्हती, आपण विकली असं त्याला वाटलंही नव्हतं, आणि कागदावर ती विकली गेलेली होती. त्यातल्या एका कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

सन १९९५. आषाढ महिना, लावणी अर्ध्यावर. माझी आत्या नदीपलीकडच्या वाडीत दिलेली. नवरा लवकर गेला, एकुलत्या एका पोरावर, म्हणजे माझ्या आतेभावावर, सगळा संसार. त्याचा धाकटा पोरगा आजारी पडला. पुण्याच्या दवाखान्यात नेला तर चाळीस हजार भरा म्हणाले. विकास सोसायटीची थकबाकी होती, आणि नसती तरी सोसायटी खताला-बियाण्याला देते, दवाखान्याला देत नाही. रात्री अकरा वाजता रोख पैसे कोण देणार? देणारा एकच होता, रस्त्याकडच्या गावचा. बोलायला गोड. आत्याला मावशी म्हणायचा. शेकडा पाच महिना. म्हणाला, "मावशे, पोरगं महत्त्वाचं. कागद नुसता गहाणाचा करू. तुझी जमीन घेऊन मला काय करायचंय?"

पौडला दुय्यम निबंधकाकडं कागद झाला. दोन साक्षीदार लागतात. आत्या म्हणाली, माझा भाचा दहावी शिकलाय, त्यालाच घ्या. मी १९७७ साली दहावी झालो. आमच्या भावकीत तेव्हा तेवढं शिकलेला मी एकटाच, त्यामुळं पोस्टाच्या पत्रापासून बारशाच्या पत्रिकेपर्यंत सगळं माझ्याकडं यायचं. कागद लिहिणाऱ्यानं रेल्वेच्या वेगात वाचून दाखवला. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, तदंगभूत वस्तूंसह, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण. मला काही समजलं, काही नाही. माझं ध्यान घड्याळाकडं, कारण दवाखान्यात दुपारच्या आत पैसे पोचायचे होते. आतेभावानं सही केली, मी खाली माझी केली. बाहेर येऊन सगळ्यांनी भजी खाल्ली. पैसे त्या गोड माणसानंच दिले.

पोरगं वाचलं. ते आधी सांगून ठेवतो.

आतेभावानं महिन्याला दोन हजार रुपये याप्रमाणं एकोणीस महिने व्याज भरलं. म्हणजे अडतीस हजार. मुद्दल तसंच उभं. विसाव्या महिन्यापासून तटलं. मधल्या काळात केव्हातरी तलाठ्याकडची फेरफाराची नोटीस घरी येऊन गेली होती. वहिनीनं लाइटबिलाचा कागद समजून अंगठा दिला आणि तो कागद देवळीत ठेवला. १९९८ साली त्या माणसानं जमीन पुण्यातल्या एका पार्टीला विकली. पार्टी आली, मोजणी आली. अडतीस गुंठे, आणि घर त्याच गटात. गावठाणात नव्हतं, शेतातच बांधलेलं. तदंगभूत वस्तू म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. घर, गोठा, विहिरीचा पाट, आंब्याची दोन झाडं, सगळं त्या एका शब्दात गेलेलं होतं.

आत्यानं कौलं मोडू दिली नाहीत. शिडी लावून एकेक उतरवून घेतली आणि बैलगाडीतून आमच्या अंगणात आणली. सगळी रचून झाल्यावर ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि मला म्हणाली, "बाळा, तू वाचलं व्हतंस ना?"

ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

पुढं मी वाचत सुटलो. शेतातली कामं उरकली की पुण्याला जाऊन वाचनालयात बसायचं, कुणी वकील ओळखीचा निघाला तर त्याला गाठायचं, जुन्या लोकांना विचारायचं. असं हळूहळू गोळा केलं. शिकलेल्या माणसाला यात चुका सापडतील. पण जे खात्रीचं आहे तेवढंच लिहितो.

आधी आमच्याच घराचं. आमच्या आज्याच्या बापानं भाताच्या बियाण्यासाठी वाढीदिढीनं भात घेतलं होतं. एक पायली घ्यायची, सुगीला दीड द्यायची. पाऊस फसला की दिढीची दिढी. ते देणं चढत जाऊन जमीन पुण्यातल्या सावकाराच्या नावावर गेली. पण सावकार काही नांगर धरायला मुठ्यात येणार नव्हता. कसायला आमचाच आज्जा. मालकाचा कुळ झाला एवढंच. पुढं कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ला, ज्याला कृषक दिन म्हणतात, कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. ३२ ग ची किंमत हप्त्यानं भरून आज्ज्यानं आपल्याच बापाची जमीन परत विकत घेतली. या खोऱ्यात अशी घरं पुष्कळ आहेत. म्हणून मला राग जास्त येतो. चार पिढ्यांनी घासून परत आणलेली जमीन भजी खाऊन गेली.

आता कर्ड्याची गोष्ट. कर्डे हे शिरूर तालुक्यातलं गाव. तिथं १८७४ च्या अखेरीला काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख नावाच्या असामीवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा बजावला आणि त्याचं घर स्वतःच विकत घेतलं. देशमुख म्हणाला, घर तुझं झालं, मी भाडं देतो, पण पाडू नको. सावकारानं ऐकलं नाही, घर पाडायला काढलं. मग गाव एक झालं. सावकाराच्या शेतात कुणी राबायचं नाही, त्याची हजामत करायची नाही, पाणी भरायचं नाही. ती गोष्ट आसपासच्या गावांत पसरली. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, भीमथडीतल्या सुप्याला बाजारच्या दिवशी लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. तिथून ते लोण शिरूरकडं, नगर जिल्ह्यात पारनेर-श्रीगोंद्याकडं गेलं. यालाच दख्खनचे दंगे म्हणतात.

मला त्यातली एक गोष्ट फार लागली. लोकांना मुख्यतः हवी होती ती खतं. कर्जरोखे, हुकूमनामे, गहाणखतं. जिथं सावकारानं ती गुमान काढून दिली तिथं त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. कागदांची होळी केली आणि घरी गेले. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्या माणसांना बरोबर माहीत होतं की आपली मान कशात अडकली आहे.

साडेनऊशेच्या आसपास माणसं पकडली, निम्म्याहून जास्त शिक्षेला गेली. सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं. त्यातून जे बाहेर आलं ते आजही वाचण्यासारखं आहे. अमेरिकेत यादवी लढाई लागली तेव्हा इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी मोकळ्या हातानं कर्जं दिली. १८६५ ला लढाई संपली, भाव पडले, आणि त्याच सुमाराला सरकारनं नव्या पाहणीनं सारा वाढवला. वर १८५९ चा मुदतीचा कायदा. तो कायदा केला होता कुणबी वाचावा म्हणून. कर्जरोख्यावर तीनच वर्षं दावा लावता यायचा. सावकारानं काय केलं, दर तीन वर्षांनी रोखा नवा करून घ्यायला लागला. मागचं व्याज मुद्दलात घालून.

आपल्याकडं दामदुपटीचा जुना रिवाज होता. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, पन्नासाचे शंभरावर थांबायचे. आता हिशेब करा. पन्नास रुपये, शेकडा दोन महिना. तीन वर्षांनी झाले शहाऐंशी. नवा रोखा शहाऐंशीचा. आणखी तीन वर्षांनी एकशे अठ्ठेचाळीस. आणखी तीन वर्षांनी दोनशे चौपन्न. नऊ वर्षांत पन्नासाचे दोनशे चौपन्न, आणि प्रत्येक रोख्यावर मुद्दल नवंच लिहिलेलं, त्यामुळं दामदुपट कुठं मोडली म्हणून दाखवायचं? मी हा हिशेब देवळात पोरांना खडूनं फरशीवर करून दाखवतो. क्रेडिट कार्डवाली दोन पोरं लगेच गप्प होतात.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याच साली वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं होतं. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात होते. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करायची नाही. कोर्टानं नुसता रोखा बघायचा नाही, तर मुळात किती दिले, किती फेडले, असा पहिल्यापासून हिशेब काढायचा. हप्ते बांधून द्यायचे. आणि शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारासमोर व्हायला हवं, त्यानं ते नीट समजावून द्यायचं. ही शेवटची बाब वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर चहाला गेलो. माझ्या जन्माच्या ऐंशी वर्षं आधी सरकारला कळलं होतं की अंगठा देणाऱ्याच्या शेजारी समजावून सांगणारा माणूस पाहिजे. आमच्या वेळी तो माणूस मी होतो.

पण सावकार कायद्याच्या एक पाऊल पुढं असतो. रोख्यांचा, गहाणाचा हिशेब कोर्ट उकरून काढतं म्हटल्यावर त्यानं गहाण लिहून घेणंच कमी केलं. सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं, पैसे दे, जमीन परत फिरवतो. गहाणलहाण हा प्रकार आधीपासून होताच, म्हणजे अमुक मुदतीत पैसे दिले नाहीत तर गहाणाची खरेदी समजायची. आता त्यातली मुदतही कागदावरून उडाली. तोंडात कर्ज, कागदात खरेदी. आणि कोर्टाचा नियम असा की लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही. म्हणून पुढं त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली, की शेतकऱ्याच्या बाबतीत व्यवहार खरा कसला होता हे तोंडी पुराव्यानंही दाखवता येईल. १९४७ साली कर्जदार शेतकऱ्यांचा नवा कायदा आला आणि हा जुना गेला.

आत्याचं खत १९९५ चं. तोंडात कर्ज, कागदात खरेदी. शंभर वर्षांत कागद लिहिणाऱ्याची भाषासुद्धा फार बदललेली नव्हती.

कागदावर नाव नसलं तर काय होतं याचं मोठं उदाहरण शेजारच्या खोऱ्यातलं आहे. मुळा-निळेच्या संगमाजवळ टाटांनी विजेसाठी धरण बांधायला घेतलं आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी. बावन्न गावांचा प्रश्न. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. जे कमी सांगितलं जातं ते असं, की त्या खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी तोवर कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसायला मावळा, नाव सावकाराचं. मावळ्याला जमीन पाहिजे होती, सावकाराला मोबदला चांगला मिळाला की बास होतं. लढाईत ती फूट पडली. १९२४ च्या शेवटी बापटांनी मजुरांची गाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली, लढा संपला. पाणी चढलं तेव्हा मोबदला ज्याचं नाव त्याला गेला. ज्याचं नाव सावकारानं आधीच पुसलं होतं त्याचं घर तेवढं बुडालं. मावळा धरणानं उठवला असं आपण म्हणतो. त्यातल्या कितीतरी जणांना कर्जानं आधीच उठवलेलं होतं, फक्त ते उठून गेले नव्हते.

एक खुलासा इथंच करतो, कारण ही गोष्ट सांगितली की ऐकणारे लगेच जातीवर जातात. दख्खनच्या दंग्यात मारवाडी-गुजर सावकार होते, मुळशीत पुण्याचे होते. आणि आज? आज शेकडा पाचानं पैसे देणारा आमच्याच आडनावाचा असतो, जत्रेत पालखीला खांदा देतो, शाळेला फळा देतो. आत्याला मावशी म्हणणारा लांबून का होईना, सोयऱ्यातलाच होता.

सावकाराला दुसरी वाट काढायचा विचारही जुनाच. विल्यम वेडरबर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८२ च्या सुमाराला पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँक काढायची योजना मांडली होती. न्यायमूर्ती रानड्यांसारखे लोक त्या बाजूनं होते, हिंदुस्थान सरकारनंही मान्य केली, आणि लंडनहून नकार आला. १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा, १९१७ ला जिल्हा मध्यवर्ती बँक. सोसायट्यांनी आमची घरं जगवली, त्यात शंका नाही. पण सोसायटीचं कर्ज पिकाचं. माणूस काही नुसता पिकापायी कर्ज काढत नाही. दवाखाना, लग्न आणि जेसीबीचा हप्ता, या तीन गोष्टींना सावकाराचंच दार.

१९७५ साल मला आठवतं. मी शाळेत होतो. आणीबाणी होती, आणि सरकारनं लहान शेतकरी, मजूर, कारागीर यांची सावकारी देणी माफ केली, गहाण वस्तू परत द्या म्हणून सांगितलं. दंग्याला बरोबर शंभर वर्षं झाली होती, पण ते मला तेव्हा कुठं ठाऊक? आईची चांदीची वाकी आणि दोन पितळी हंडे एका दुकानदाराकडं होते. आई गेली, मी मागं मागं. त्यानं हंडे आणून दिले. वाकी कुठली, म्हणाला. आईनं एक हंडा डोक्यावर घेतला, एक कमरेवर, आणि काही न बोलता घरी आली. कारण पावती नव्हती. कायदा होता, कागद नव्हता.

सध्याचा कायदा २०१४ चा. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर तारण असेल तर वर्षाला शेकडा ९, तारण नसेल तर शेकडा १२, असे दर ठरवलेत. दामदुपटीची मर्यादाही त्यात आहे. आणि आमच्या कामाचं कलम म्हणजे १८. सावकारीच्या व्यवहारात पंधरा वर्षांच्या आत तुमची स्थावर मिळकत सावकाराकडं गेली असेल, मग कागद गहाणाचा असो, खरेदीचा असो की अदलाबदलीचा, जिल्हा निबंधकाकडं अर्ज करता येतो. तो चौकशी करतो, सावकाराच्या घराची झडती घेता येते, आणि व्यवहार कर्जापोटीच झाला असं सिद्ध झालं तर खरेदीखत रद्द ठरवून मिळकत परत द्यायचा हुकूम होतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जी गोष्ट दुरुस्तीनं आणली होती तीच परत. तोंड काय बोललं होतं ते ऐकून घेऊ.

आत्याच्या कामाला हा कायदा उशिरा आला. पंधरा वर्षं उलटून गेली होती, आणि आत्या २००६ लाच गेली.

पण २०१६ साली आमच्या भावकीतली एक वहिनी नोटीस घेऊन आली. नमुना नऊची, फेरफाराची. नवरा वर्षापूर्वी हार्टनं गेला होता. त्यानं २०१३ ला मुलीच्या लग्नासाठी तीन लाख उचलले होते. शेकडा पाच. महिन्याला पंधरा हजार. कायद्याच्या दरानं महिन्याला सव्वादोन हजार झाले असते. अकरा गुंठे आणि घराचं खरेदीखत. वहिनी म्हणाली, "भावजी, ह्यो कागुद मी अंगठा न देता आणलाय. तुमी म्हणता ना सगळ्यांना, आधी दाखवा म्हणून."

हरकतीला पंधरा दिवस असतात. नऊ गेलेले होते. आम्ही हरकत लिहिली, पोच घेतली. मग निबंधकाकडं अर्ज. पुरावा काय? बँकेतून काही नाही, सगळं रोखीत. तेव्हा तिची धाकटी पोरगी शाळेची वही घेऊन आली. सातवीचं भूगोलाचं पुस्तक-वही काहीतरी, त्याच्या मागच्या पानांवर बापानं तिच्याकडून लिहून घेतलेलं. तारीख, पंधरा हजार, दिले. तारीख, दहा हजार, दिले, पाच बाकी. सव्वीस ओळी. शेवटच्या ओळीनंतर चार दिवसांनी बाप गेला. त्याच माणसाकडून त्याच तऱ्हेचा कागद झालेले आणखी दोघे जण आम्ही गाठले. एक घाबरला, एक आला. झडतीत त्या माणसाच्या कपाटात सह्या घेतलेले कोरे स्टॅम्प निघाले, वेगवेगळ्या गावच्या लोकांचे चेक निघाले. २०१८ ला हुकूम वहिनीच्या बाजूनं झाला. त्यानं वर अपील केलं, ते अजून चालू आहे. पण ताबा वहिनीचा आहे, आणि यंदाही अकरा गुंठ्यांत इंद्रायणीच आहे.

सगळीच प्रकरणं अशी नसतात. एकाचं खत सतरा वर्षांचं निघालं, आम्ही काहीच करू शकलो नाही. दुसरा एक जण आला तो खोटं बोलत होता. जमीन त्यानं राजीखुशीनं विकली होती, पैशाची गाडी घेतली, आणि भाव दहापट झाल्यावर त्याला ते कर्ज होतं असं आठवायला लागलं. त्याला मी उठून जा म्हणालो. तो आता माझ्याशी बोलत नाही. एका बाईनं अर्ज केला आणि नवऱ्यानं रात्री सावकाराबरोबर बसून तो मागं घेतला.

आमची संस्था वगैरे नाही. पाच-सहा जण आहोत, एक निवृत्त मास्तर, एक पोस्टातला, एक पोरगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. नियम दोनच ठेवलेत. कागद एक रात्र घरी ठेवल्याशिवाय सही करायची नाही. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची ओळ कुठंतरी लिहायची, भिंतीवर का असेना. पहिला नियम पाळणं फार अवघड आहे. ज्याला पैसे पाहिजेत त्याला रात्र नसते. ते मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात आत्याचा नातू आला. दवाखान्यातून वाचलेला तोच. आता तिशी ओलांडली, टेम्पो चालवतो, गावठाणात दोन खोल्यांचं घर बांधलंय. त्याला दुसरा टेम्पो घ्यायचा होता आणि एक फायनान्सवाला त्या घराच्या तारणावर पैसे द्यायला तयार होता. सावकार नाही, रीतसर कंपनी. बावीस पानांचा करार, अर्धा इंग्रजी. मी त्याला सांगितलं, शेतजमीन तारण असली तर बँकवाल्यांच्या २००२ च्या जप्ती कायद्यातून ती सुटते, पण गावठाणातलं घर सुटत नाही. साठ दिवसांची नोटीस येते, तेवढ्यात थकलेलं भरलं नाही तर कोर्टात न जाता ताबा घेता येतो. घ्यायचं नको असं नाही, पण हप्ता किती महिने चुकला तर काय, ते आधी बघू.

तो गोठ्याच्या दाराशी उभा होता. गोठ्यावर अजून आत्याचीच कौलं आहेत, निम्मी तरी. म्हणाला, "आप्पा, उद्या सकाळी त्यांचा माणूस येणारे. साक्षीदार म्हणून तुमची सही लागंल."

मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "ठेव इथं. सातव्या पानावर आलोय. त्याला परवा बोलाव."

तो कागद ठेवून गेला. जाताना परवा नाही जमलं तर तेरवा चालंल का, असं त्यानंच विचारलं.